दुसरं अंडं

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र पुन्हा बंद! करिष्माने मला न विचारता माझा कॅन बोअरच्या नळाखाली भरून ठेवला आणि मी त्याच पाण्यात सकाळचे आठ नमुने लावले. करिष्मा शेजारच्या डेअरी विभागात शिकवते. मदतीला आली की काहीतरी घोळ घालून जाते, पण तिच्यावर रागावता येत नाही.

नमुने फेकून देणार होते. मग म्हटलं, लावलेच आहेत तर दाबून बघू. अंड्यातलं पांढरं तापवलं की धरतं – उकडलेल्या अंड्यात दिसतं तेच – आणि किती घट्ट धरलं ते आमचं यंत्र दाबून सांगतं. बाभळीच्या सालीचा अर्क घातलेले चार नमुने रोजच्या जवळजवळ दीडपट घट्ट निघाले. तीच अंडी, तोच अर्क, तेवढीच उष्णता. बदललं ते फक्त पाणी. बीडमधलं आमच्या कॉलेजच्या बोअरचं पाणी बादलीला, नळाला, गिझरला पांढरी पुटं आणतं. चुनाच तो एक प्रकारचा.

करिष्मा म्हणाली, "बघ, तुझी पीएचडी मीच करून दिली. पेढे काढ."

मी हसले. पण बाभूळ आणि चुना हे दोन शब्द मी बावीस वर्षांत एका वाक्यात आणलेले नाहीत.

१९ नोव्हेंबर

यंत्र दुरुस्त. चांगल्या पाण्यात मोजून कॅल्शियम घातलं आणि तेच पुन्हा केलं. तोच आकडा.

२३ नोव्हेंबर, शनिवार

विजयसिंह सरांना आकडे दाखवले. माझे मार्गदर्शक. माणूस भला आहे, पण प्रत्येक गोष्टीत त्यांना बाजारात विकण्याजोगी वडी दिसते. अंड्याच्या पांढऱ्याची, पनीरसारखी, प्रवासात न फुटणारी वडी – हे त्यांचं स्वप्न. वनस्पतींतली तुरट द्रव्यं आणि खनिजं घालून ती घट्ट करायची, हा माझा विषय.

"मॅडम, बाभळीची साल कोण खाणार आहे? हिरडा घ्या, डाळिंबाची साल घ्या, चहा घ्या. बाभूळ सोडा आता."

मी म्हटलं, तुलनेसाठी राहू दे. सर म्हणाले, "तुम्हाला त्या झाडानं झपाटलंय."

थट्टाच होती. मी वही उचलली आणि बाहेर आले.

विषय सरांनी दिला असं मी सगळ्यांना सांगते. ते खोटं आहे. सरांनी तीन विषय दिले होते – सीताफळाचा गर, ज्वारीची बिस्किटं, आवळ्याचं सरबत. चौथा मी माझा घुसवला. प्रयोगशाळेत रोज तीस अंडी फोडते आणि बलक कँटीनला भुर्जीसाठी पाठवते. मी स्वतः बाराव्या वर्षापासून अंडं खाल्लेलं नाही. कुणी विचारलं तर वास सहन होत नाही म्हणून सांगते.

२६ नोव्हेंबर

बाभळीची साल उकळत ठेवली होती. वास खोलीभर. मागे वळले तर अण्णा, माझे वडील, स्टुलावर बसलेत असं वाटलं – दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, नेहमीसारखे. स्टुलावर माझाच पांढरा कोट होता.

अण्णांना जाऊन वर्ष होईल पुढच्या महिन्यात.

१ डिसेंबर, रविवार

एकदाचं लिहून टाकते. इथे कोण वाचणार आहे!

अण्णा हाडं बसवायचे. नेकनूरच्या अलीकडे फाटा आहे, तिथून दोन किलोमीटर आत आमचं गाव. फाट्यावर उतरून शहादेवअण्णांचं घर कुठलं म्हणून विचारलं की बसमधली माणसंसुद्धा खिडकीतून हात करून दाखवायची. शेती पोटापुरती. हाडाचं काम ही सेवा. पैसा घ्यायचा नाही, हा आजोबांपासूनचा नेम. दुसरा नेम असा, की लेपाची अंडी रोग्याच्याच घरची पाहिजेत. आमच्या खुराड्यातलं अंडं चालत नाही. ज्याचं हाड त्याचं अंडं. असं का, ते मी कधी विचारलं नाही आणि अण्णांनीही त्यांच्या बापाला विचारलं नसणार.

लेप साधा होता. दोन अंड्यांतलं पांढरं, बाभळीच्या सालीचा काढा, उडदाचं पीठ. सुती पट्टीला लावायचा, वरून बांबूच्या कामट्या, मग बांधायचं. वाळला की हात कुठे हलत नाही. कालवायचं काम माझ्याकडे. मी बारा वर्षांची होते आणि त्या कामाचा मला गर्व होता. मैत्रिणींना सांगायचे, हाड अण्णा बसवतात पण टिकवते मी.

दिवाळी नुकतीच झालेली. ऊसतोडीच्या टोळ्या निघायची गडबड. शेजारच्या वस्तीवरचं एक घर धारूरकडच्या एका टोळीबरोबर निघालं होतं. त्यांची मंगल, नऊ वर्षांची, सामान भरताना ट्रॉलीवरून खाली पडली. डाव्या मनगटाचं हाड मोडलं. तिच्या आईने पदरात दोन अंडी आणली होती. घरात तेवढीच होती म्हणाली, कोंबड्या सकाळीच विकल्या. मंगल रडत नव्हती. उजव्या हातात पेरू होता, तो खात होती. अण्णा दुसरं मनगट चाचपत होते. "पेरू गोड हाय का गं?" असं विचारलं आणि ती उत्तर द्यायला तोंड उघडते तोवर हाड बसवलं सुद्धा! पेरू हातातून पडला. तिने तो उचलला, फ्रॉकला पुसला आणि परत खायला लागली.

मी आत होते. पहिलं अंडं नीट फोडलं. दुसरं हातातून निसटलं आणि चुलीपुढच्या मातीत फुटलं.

टोपलीत आमच्या कोंबडीची चार अंडी होती. हाताला लागतील एवढी जवळ. एक उचललं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण नेम! रोग्याच्या घरचं नसलेलं अंडं घातलं तर हाड जुळत नाही, असं मी ऐकत आलेले. मंगलच्या आईला सांगावं तर तिच्याकडे तिसरं अंडं नव्हतं. अण्णांना सांगायची भीती नव्हती, लाज होती. आदल्याच दिवशी मी मैत्रिणींपुढे फुशारकी मारली होती.

मग काढा जास्त घातला. लेप पातळ झाला. कोनाड्यात अण्णांच्या तंबाखूच्या चुन्याची डबी होती. त्यातला बोटभर चुना घातला. मग आणखी बोटभर. करता करता डबी रिकामी झाली. लेप बघता बघता घट्ट झाला आणि त्याचा रंग विटकरी झाला. अण्णांनी वाटी हातात घेऊन पाहिली. "आज दाट झालाय गं शीले." मी म्हटलं, साल जास्त पडली. बाहेर ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता. अण्णांनी पट्टी बांधली.

तिसऱ्या दिवशी पट्टी सैल करून नखं बघायची, हा अण्णांचा शिरस्ता. पण तिसऱ्या दिवशी मंगल कुठल्या कुठे उसाच्या फडात असणार होती. दारात अण्णा तिच्या आईशी बराच वेळ काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. मी मागच्या अंगणात टरफलं पुरत होते.

दोन महिन्यांनी टोळीचा मुकादम सुंदरराव गावावरून जाताना निरोप सांगून गेला. पोरीचा हात गेला. वैद्याची पट्टी आवळली, हात काळा पडला, तिकडच्या दवाखान्यात कापावा लागला. ते घर पुन्हा वस्तीवर आलं नाही.

अण्णांनी त्याच दुपारी कामट्यांचा भारा चुलीत घातला. त्यानंतर त्यांनी कुणाच्या हाडाला हात लावला नाही.

मी काही बोलले नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

२ डिसेंबर

लिहिलं. हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

५ डिसेंबर

हिरडा, डाळिंब, चहा – तिन्हींचे आकडे आले. थोडं तुरट घातलं की पांढरं घट्ट धरतं. जास्त घातलं की गुठळ्या होतात, धरलेलं पांढरं, म्हणजे जेल, आक्रसतं आणि पाणी सोडतं. खनिज सोबत असलं की हे सगळं आणखी लवकर होतं. सर खूश आहेत. "आता बाभळीचं काय काम?"

काम आहे, सर.

बारावीत असताना मी सायकलवरून पडले. उजवं मनगट. आई ओरडत होती, "अहो, बघा की तिचा हात!" अण्णा अंगणात उभे होते. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. शेजारच्याची जीप आणली आणि मला बीडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर प्लास्टर घालत होते तेव्हा अण्णा बाहेर भिंतीकडे तोंड करून उभे. ज्या माणसाने अर्ध्या तालुक्याची हाडं बसवली, त्याने पोटच्या पोरीच्या मनगटाला बोट लावलं नाही.

मागच्या वर्षी शेवटच्या आजारात मी त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी हळूच काढून घेतला. त्यांना माझा राग आहे असं मी समजले. त्यांना सगळं माहीत असणार, असंही वाटायचं. खाई त्याला खवखवे.

१५ डिसेंबर, रविवार

अण्णांचं वर्षश्राद्ध. सकाळच्या बसने गावी गेले. भटजी, जेवणावळ, भावकी, "शीलाताई, लग्नाचं काय?" – सगळं झालं. दुपारी पाहुणे गेल्यावर आई आणि मी ओसरीवर भांडी पुसत बसलो होतो.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, मंगलच्या घरचं कुणी पुन्हा भेटलं का गं कधी?

आईने पातेलं खाली ठेवलं. म्हणाली, "कावून इचारतीस आज?"

मी पुढचं ताट पुसायला घेतलं. आईच मग बोलली. जसं बोलली तसं लिहिते, बदलत नाही.

"तुज्या बापाला ठावं होतं. पट्टी बांधली त्याच्या दुसऱ्या दिवशी कुत्र्यानं उकरून टरफलं काढली. चुलीम्होरं बलक वाळला होता. चुन्याची डबी मोकळी. त्यानं सगळं बघितलं अन् मला म्हनला, पोरीचं अंडं फुटलं वाटतं. हसला बी. म्हनला, बाईला तिसऱ्या दिवसाचं बजावलंय, काय व्हत न्हाई. मंग दोन म्हैन्यांनी मुकादम आला. तो गेल्यावर मला म्हनला – छबू, शीलीला काय इचारू नको. बांधनारा मी हाय. लेप माजा, हात माजा, पोर बी माजी."

मग मला कावून नाही सांगितलंस, मी विचारलं. मलाच माझा आवाज ओळखू आला नाही.

"त्यानं शपथ घातलती. अन् तू लई लहान होतीस. मंग मोठी झालीस तवा वाटलं, इसरली असशील."

मी रडले नाही. आईने खाली ठेवलेलं पातेलं घेतलं आणि पुसत राहिले. ते कोरडंच होतं.

१६ डिसेंबर

अण्णांना राग नव्हता. त्यांनी हात काढून घेतला तो मला लाज वाटू नये म्हणून? की स्वतःच्या हाताचीच भीती बसली होती? वर्षभर आधी विचारता आलं असतं. त्याआधीची एकवीस वर्षंही.

मी निघताना आईने आणखी एक सांगितलं. मंगल केजला असते. तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान आहे तिचं. आईला हे सहा वर्षांपासून माहीत आहे.

२१ डिसेंबर, शनिवार

मला नक्की कळायला हवं. कदाचित चुन्याने काही झालंच नसेल. लेप सालीमुळे आवळला असेल, किंवा पट्टी भिजली असेल, किंवा हाडच वाईट मोडलं असेल. बावीस वर्षं मी स्वतःला दोषी धरलं ते अंदाजाने. शास्त्राची मास्तरीण म्हणवते आणि माझ्या एकमेव गुन्ह्याचं मोजमाप केलेलं नाही!

प्रथमोपचाराच्या कपाटात धूळ खात पडलेली रक्तदाबाची चार जुनी यंत्रं आणली. घरून आणि शेजारून चार लाटणी आणली. घरमालकिणीची नात नऊ वर्षांची आहे. तिचं डावं मनगट दोऱ्याने मोजलं. तिला वाटलं मी बांगड्या आणणार आहे. आता आणाव्या लागतील.

प्रत्येक लाटण्यावर एका यंत्राची रबरी पिशवी, घेर त्या दोऱ्याएवढा. पिशवीत थोडी हवा, पारा वीसवर. वरून लेपाची पट्टी आणि कामट्या. लेप वाळताना आक्रसला की पारा चढेल.

चार पट्ट्या. एक अण्णांच्या नेमाची – दोन अंडी, काढा, पीठ. एक अंडं आणि जास्त काढा, ही दुसरी. एक अंडं आणि चुना, ही तिसरी. चौथी माझी.

चुना तंबाखूवाल्याकडून आणला. डबीत.

२२ डिसेंबर

पहिली – बावीस. दुसरी – सव्वीस. तिसरी – तेवीस.

चौथी – एकेचाळीस.

२३ डिसेंबर

पहिली – पंचवीस. दुसरी – एकतीस. तिसरी – चोवीस.

चौथी – एकाहत्तर. एवढ्या दाबाखाली नऊ वर्षांच्या हातात रक्त फिरत नाही.

हातच्या काकणाला आरसा कशाला. बाभूळ एकटी असती तर फार काही झालं नसतं. चुना एकटा असता तर लेप ढिला राहिला असता. चुन्याने अंड्यातलं पांढरं आचेशिवाय धरतं आणि चुन्यातच बाभळीची तुरट द्रव्यं त्याला घट्ट विणतात. दोन्ही एकत्र आलं की आवळत जातं, पाणी सोडतं, वाळतं, आणखी आवळतं. पट्टी कापून पाहिली. रंग तोच, विटकरी.

खोलीचं दार लावून घेतलं आणि खूप रडले. करिष्माने बाहेरून विचारलं, "मशीन बिघडली का गं?" मी हो म्हटलं.

२४ डिसेंबर

पारा पंच्याहत्तरवर थांबला. पुढे मोजलं नाही.

२ जानेवारी २०२५

चौथ्या पट्टीचं सरांना सांगितलं नाही. पण जेलचे आकडे दाखवावे लागले – बाभूळ आणि कॅल्शियम एकत्र, मूळच्या अडीचपट घट्ट. सर खुर्चीतून उठले. "मॅडम, हाच आपला निष्कर्ष! याच्यावर पेपर होतो. काय जोडी शोधलीत!"

शोधली नाही. मला ती आधीपासून माहीत होती. करिष्माने खरंच पेढे आणले. मी एक खाल्ला. माणसं आनंदाने काही देतात तेव्हा नाही म्हणता येत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. घरमालकिणीच्या नातीला बांगड्या दिल्या. ती हात पुढे करून बसली आणि मी चढवताना थांबले. तिने विचारलं, "काय झालं, मावशी?" मी म्हटलं, घट्ट तर होत नाहीत ना?

तीळगूळ द्यायला, गोड बोलायला आजच्या दिवसापेक्षा चांगला दिवस कुठला! पण गेले नाही.

१८ जानेवारी, शनिवार

केजला जाऊन आले.

दुकान सापडलं. तहसीलच्या फाटकासमोर पत्र्याची टपरी, "मंगल झेरॉक्स, सर्व प्रकारचे फॉर्म मिळतील". समोर रांग – उत्पन्नाचे दाखले, सातबारा, निराधारचे अर्ज. आत शाल पांघरलेली एक बाई. चेहरा मी ओळखला, गाल तेच. गिऱ्हाइकाला म्हणत होती, "आधारची दोन्ही बाजू लागती, काका. मागची कावून न्हाई आणली?" लोक हसत होते. तीही.

मी रस्त्याच्या अलीकडे चहाच्या गाड्यावर पाऊण तास उभी. तीन चहा प्याले. शालीखाली काय आहे ते दिसलं नाही आणि मी बघतही नव्हते. आपल्याला काय सांगायचंय ते मनात पाठ करत होते – मी शहादेवअण्णांची मुलगी, तुमचा हात माझ्यामुळे गेला. दुसरं अंडं, चुना, डबी. एवढंच. पाचवीतल्या पोरालाही पाठ होईल.

मग वीज गेली. तिने पाटी उलटी केली. मी परतीच्या बसमध्ये चढले.

१९ जानेवारी

भित्री. भित्री. भित्री.

२५ जानेवारी, शनिवार

गावी जाऊन आईला सांगितलं, मी मंगलला सगळं खरं सांगणार आहे. वाटलं, ती अडवेल. तिने बराच वेळ ज्वारी पाखडली. मग म्हणाली, "तुज्या बापानं तुला वाचवायला तोंड शिवलं. तू आता उघडतीस. तेचं काय?"

मी म्हटलं, अण्णांनी माझ्यासाठी नाव घालवलं, हे कुणाला तरी कळायला नको का? लोक आजही म्हणतात, शहादेवने पोरीचा हात खाल्ला. मागच्या महिन्यात श्राद्धाच्या पंगतीतसुद्धा एक म्हातारा तेच पुटपुटला. मी ऐकलं. आईनेही ऐकलं होतं.

आई उठली. आत गेली. येताना टोपलीतून दोन अंडी घेऊन आली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

"तिच्या घरची दोन घेतली व्हती. दोन परत दे. मोकळ्या हातानं जाऊ नको."

बसमध्ये ती अंडी मी मांडीवर धरून बसले होते. फाट्यापासून बीडपर्यंत एकही खड्डा चुकत नाही. दोन्ही शाबूत आली.

२९ जानेवारी

सरांनी पेपरचा मसुदा मागितला. आभाराच्या रकान्यात कुणाकुणाची नावं घालायची म्हणून विचारलं. मी म्हटलं, एक नाव आहे, पण अजून विचारायचं बाकी आहे.

३१ जानेवारी, शुक्रवार

उद्या सकाळची केजची बस.

मंगल शिव्या देईल. द्याव्यात. हाकलेल. हाकलावं. फक्त "जाऊ दे ताई" म्हणू नये. ते मला सोसणार नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं. सगळं. रांग संपेपर्यंत थांबून, अंडी तिच्या काउंटरवर ठेवून.

मंगलने ऐकून घेतलं आणि शाल बाजूला केली. नाही तो उजवा हात आहे.

डावा काउंटरवर ठेवलेला. पाचही बोटं.

म्हणाली, "नखं निळी पडलती. आईनं तिसऱ्याच दिवशी पट्टी कापून सैल केली, तुमच्या अण्णांनी दारात बजावलं व्हतं म्हून. हा उजवा गेला चारा कापायच्या कडबाकुट्टीत. डावा बांधलेला, तर बापानं एका हातानं उसाचं वाढं घालायला बसवलं. मशीन मुकादमाचं. आपल्या अंगावर नको म्हून बापानं अन् मुकादमानं वैद्याचं नाव घेतलं. मला बी तसंच सांगायला लावलं. तेवढ्यावरून अण्णांनी काम सोडलं, हे मला आज कळतंय, ताई."

मग तिने मनगट पुढे केलं. मी चाचपून पाहिलं, अण्णा पाहायचे तसं, अंगठ्याने. त्यांनी बसवलेलं शेवटचं हाड. सरळ जुळलंय. कुठे गाठसुद्धा लागली नाही.